साडूने उचललेला बेल

सोमवार, संध्याकाळ

लोकसभेला दोनदा पडलो. पहिल्यांदा नशिबाला बोल लावला. दुसऱ्यांदा बूथवार यादी हाती आली, तर साडू गुरुलिंगच्या गावात मी तिसरा. मतदानाच्या आदल्या दिवशी याच माणसानं महादेवाच्या पिंडीवरचा बेल उचलून, माझ्या हातावर ठेवून शब्द दिला होता, "अण्णा, गाव तुमच्या मागं हाय." ते पान या वहीत ठेवलंय. वाळून काळं पडलं, पण टाकवत नाही.

आज तोच देगलूरहून पेढे घेऊन आला. पोरगा जिल्हा परिषदेला उभा राहायलाय, आणि आमचं गाव त्याच गटात येतं. "अण्णा, मागचं मनावर घेऊ नका," म्हणाला.

वही उघडली. ते पान तळहातावर घेतलं आणि म्हणालो, "गाव तुमच्या मागं हाय."

त्यानं पान ओळखलं का? नसावं. पाया पडून खुशीत गेला. आणि खोट्या शपथेचं पाप? ते पान त्यानंच आधी बाटवलंय.

पेढे वाटून टाकले, पुडा ठेवलाय. निकालाच्या दिवशी त्यातच पान घालून त्याच्या घरी पाठवीन.