तुळजेसाठी मुंबई स्टेशन

तंजावूर, ३ ऑगस्ट १९५८
दुकानदार पुन्हा मोठ्या पेटीचाच रेडिओ पुढे करतो. "सार, लाकूड पाहा, हिरवा डोळा पाहा." लाकडातून मुंबई ऐकू येत नाही. म्हटले, मागचे फळकूट काढ, व्हॉल्व दाखव. तोंड वाकडे केले. कॉलेजात न जाता पुस्तकांवरून हे शिकलो, याचेच या लोकांना वैषम्य.

९ ऑगस्ट
मेहुणे माधवराव आले. त्यांच्याकडे तोच सेट, स्टेशन जुळले की मिटणाऱ्या हिरव्या डोळ्याचा. सिलोन नि तिरुच्ची ही दोन स्टेशने, संपले. म्हणतात, "भाऊजी, पोरीचं लग्न करताय की स्टेशन उघडताय?" हीसुद्धा हसली.
हसा. पुण्याची मंडळी नाताळात रामेश्वरला जाताना इथे उतरून तुळजेला पाहणार. आमचे तंजावरी मराठी ऐकून तिकडचे तोंडावर हसतात. मी एकदा पुण्यात सोसले आहे. मुलीवर ती पाळी नको. मुंबईचा दुपारचा बायकांचा कार्यक्रम तिला रोज ऐकवायचा, तसेच बोलायला शिकवायचे. दिवसा मीडियम वेव्ह इतक्या लांब पोचत नाही, शॉर्टवेव्हच हवी. हे माधवरावांना कोण सांगणार...

१७ ऑगस्ट
घेतला. जुना, तीन बँडांचा, पेटीवर ओरखडे. पण एरियलमागे एक व्हॉल्व जादा, तोच लांबचे क्षीण स्टेशन उचलतो. पेटीत वाचले ते पैसे तांब्याच्या तारेत घातले. तार नारळापासून गच्चीच्या खांबापर्यंत, मुंबईच्या दिशेला बरोबर आडवी. नारळ डोलतो, म्हणून तार ताणून धरायला कप्पी नि टोकाला वीट. अर्थिंगसाठी विहिरीकडे खड्डा, कोळसा, मीठ.
माधवराव खाली उभे राहून म्हणाले, "वाळवण घालायला बरी."

२ सप्टें.
लागले. खरखर आहे, पण शब्द न् शब्द कळतो. तुळजेला समोर बसवले. घरात तमिळ बंद, आमचे तंजावरी बोलणेही बंद. ही म्हणाली, "मग मी काय मुकी होऊन बसू?" बस म्हटले.

१६ नोव्हें.
तुळजा छान उचलते. आज सांबार वाढून झाल्यावर म्हणाली, "यानंतर ताकभात." स्वच्छ उच्चार. ही पानावरून उठून गेली.

२७ डिसें.
मंडळी येऊन गेली. मुलगा, त्याची आई, मामा.
तुळजेने कॉफीचे डवरा-टंबलर ठेवले नि म्हणाली, "आता आपल्यासमोर कॉफी सादर करीत आहे." मामांना टंबलरमध्येच ठसका लागला. मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. आई म्हणाली, "अगं, घरात 'घ्या' म्हणावं. मुलगी बातम्या देते की काय?" मग जरा मायेने, "तुमच्या घरात बोलता तसं बोल ना बाळ. गोड असतं म्हणे."
तुळजेने माझ्याकडे पाहिले. बोलली नाही. शेवटपर्यंत नाही.
दारात मामा म्हणाले, "कळवतो."
उच्चारात एकही चूक नव्हती. हे लिहून ठेवतो. आणि ती मंडळी स्वतः कसली बोलतात, अर्धे शब्द गिळून, मुंबई स्टेशनसारखे तर मुळीच नाही.

४ जाने. १९५९
पुण्याहून काही नाही. तुळजा माझ्याशी फक्त तमिळ बोलते. रागाने नव्हे, विचारले तेवढे उत्तर.
माधवराव येऊन, "सेट द्या मला, सिलोन तरी नीट लागेल." दिला नाही.

१५ जाने.
पोंगल. हिने तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, शेजारणींना बोलावले. आमच्या बोलण्याची नि तमिळची सरमिसळ, हसणे. तुळजाही हसत होती. मी गेल्यावर सगळ्या पदर सावरून उठल्या.

२२ जाने.
अजून कळवले नाही. नकार असता तर एव्हाना आला असता. होकार असता तरी.
दुपारी मुंबई कधी नव्हे इतकी स्वच्छ. खरखर नावाला नाही. तुळजा विहिरीवरून घागर घेऊन आली, दारात थांबली, ऐकले. मग आमच्याच बोलीत, बंदीनंतर माझ्याशी प्रथमच:
"अप्पा, आमचं बोलणं कुठल्या बँडात येतें?"
घागर घेऊन आत गेली. कार्यक्रम संपेपर्यंत मी बटणावरचा हात काढला नाही. तार उतरवायची की नाही...