फीत कापेपर्यंतचा धूर

३ मार्च
ऑटोक्लेव्ह आला! चांगला कपाटाएवढा. परदेशी संस्थेने फुकट दिलाय. वापरलेल्या सुया, सिरिंजा, रक्ताचे बोळे आत टाकायचे, वाफेच्या दाबाखाली सगळे जंतू खलास. जाळणं बंद, धूर बंद. सोबत पेटीभर डिजिटल थर्मामीटर, पाऱ्याचे फेकून द्या म्हणाले.
संकल्प : आजपासून इस्पितळामागच्या खड्ड्यातून धुराची रेघसुद्धा निघणार नाही. मुख्य डॉक्टर कायम राजधानीत, बिश्केकला. तेव्हा मी नावाला उपप्रमुख, खरं इस्पितळ मीच.
हेड नर्स कानिशाय म्हणाली, उद्याच चालू करू, माझ्या पोरी शिकून तयार आहेत. तिला समजावलं. प्रांताच्या आरोग्यप्रमुखांनी फीत कापायच्या आधी यंत्र वापरणं म्हणजे पाहुणा यायच्या आत ताटात हात घालणं. ती म्हणाली, सुया पाहुण्यासाठी थांबत नाहीत, साहेब. बाईचं तोंड फार.
खोलीला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. यंत्रावरचं प्लास्टिकही काढू दिलं नाही. आमच्या सोफ्यावरचं अजून आहे, म्हणून तर तो नवा आहे.

६ मार्च
प्रांताला फोन. साहेब महिला दिनाच्या गडबडीत. मग नौरूझ, नव्या वर्षाचा सण. मग बघू म्हणाले. तोवर खड्डा चालू ठेवला, तात्पुरता. तात्पुरत्याला प्रदूषण म्हणत नाहीत.

१४ मार्च
रायकान बाई ऑफिसात. मागच्या गल्लीत राहतात. तिसरीत मला शिकवायला होत्या, त्यामुळे अजून कान पिळायच्या बेतात असतात. म्हणाल्या, अरे शार्शेन, तुझ्या धुराने दोरीवरच्या चादरी काळ्या पडल्या, घसा जळतो, जनाची नाही तर मनाची तरी! मी शांतपणे ऐकून घेतलं. चहा पाजला, तळलेले बोर्सोक पुढे केले. खाल्ले सगळे आणि जाताना पुन्हा ओरडल्या.

१५ मार्च, सकाळी
सुचलं! दाढी करताना सुचलं. आर्चा!
घरात कुणी आजारी पडलं, नजर लागली, की आपण डोंगरातल्या आर्चा झाडाच्या सुक्या फांद्या पेटवून धूर डोक्यावरून फिरवतो ना? मग तोच खड्ड्यात घातला तर? बॉयलरवाल्या जुमाशला डोंगरावर पिटाळलं. तो विचारत होता, साहेब, आर्चा कशाला, कचरा तसाही पेटतो की. या लोकांना दूरदृष्टी नाही.

१८ मार्च
प्रयोग यशस्वी. खाली सिरिंजा, सलाइनच्या नळ्या, वॉर्डातला सगळा गाळ. वर आर्चा दोन पोती. वास अगदी सणाचा! संध्याकाळी रायकान बाई फाटकाशी. मी मागच्या दाराने निघणार, तेवढ्यात हाक मारून म्हणाल्या, देवाने तुला बुद्धी दिली रे बाबा.
तक्रारी शून्य. म्हणजे प्रदूषण शून्य. परदेशात एवढ्यासाठी यंत्रं लागतात.

२१ मार्च, नौरूझ
भिंतीपलीकडे गल्लीतल्या बायका जमल्या. मुलांना धुरात धरून ‘आलास, आलास’ असा नजर उतरायचा मंत्र म्हणत होत्या. म्हणे इस्पितळाचा धूर घरच्यापेक्षा जोरदार, डॉक्टर त्यात औषध घालतात. मी घातलं असं कुठे म्हणालो? नाही असंही म्हणालो नाही. सणाच्या दिवशी कुणाची श्रद्धा दुखवू नये.
संकल्प : उद्या सांगायचं.

३० मार्च
सांगायचं राहिलं. आता वरच्या गावातूनही येतात, काल एक अख्खी मार्श्रुत्का गाडी भरून आली. कुणी नवी सून आणते, कुणी वासरू.
कानिशायने आज तमाशा केला. म्हणाली, लोकांची पोरं तिथं प्लास्टिक आणि रक्त हुंगतायत आणि तुम्ही खिडकीत उभे राहून हात हलवता? मुलांच्या वॉर्डातले फुटके थर्मामीटरही जुमाशने आत टाकले, तो पारा जातो कुठे? त्याच पोरांच्या छातीत! नवे थर्मामीटर द्या, किल्ली द्या. मी म्हणालो, किल्ली मुख्य डॉक्टरांच्या तिजोरीत आहे. ती माझ्या खिशाकडे बघत राहिली. अशा नजरेने माणसाचा बीपी वाढतो.
हात मी हलवत नव्हतो. अभिवादन स्वीकारत होतो.

५ एप्रिल
घरी बेक्तेमिर खोकतोय. मुलगा-सून मॉस्कोत कामाला, नातू आमच्यापाशी. चार वर्षांचं पोर, पण दाढीवाल्या म्हाताऱ्यासारखा मांडी ठोकून बसतो. आजोबांना आपल्यात म्हणतात तसं मला ‘आता’ म्हणतो, माझ्याशिवाय जेवत नाही. ऑफिसातून आलो की माझी टोपी घालून घरभर साहेब होऊन हिंडतो, जीव आहे माझा.
बायकोने, सायराने, जेवताना विचारलं, अहो, तो इस्पितळाचा धूर खरंच गुणकारी आहे का हो? ऑफिसच्या गोष्टी घरात बोलू नयेत असं माझं तत्त्व. म्हणालो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तयार होतो. यात खोटं काय आहे?
बेक्तेमिरला खोकल्यावर दुंबा मेंढ्याची चरबी चाटवली. थुंकला.

१३ एप्रिल
खोकला जास्त. सायरा म्हणते, आतलं बाहेर पडतंय, म्हणजे गुण येतोय. कशाचा गुण, ते विचारायचं राहिलं. कामं फार.

२० एप्रिल
आनंद! आरोग्यप्रमुख साहेब २६ला येतात! मेंढा ठरवला, लाल फीत आणली, भाषणही तयार. विषय : स्वच्छ हवा, आपली जबाबदारी.

२३ एप्रिल
रस्त्यात रायकान बाई भेटल्या. म्हणाल्या, तुझी सायरा गुणाची हो, रोज दुपारी नातवाला घेऊन येते. आणि आम्ही काही माणसं ओळखत नाही असं नाही, साहेबांच्या घरचं माणूस म्हणून तिला मानाची जागा देतो. पार भिंतीच्या पुढे, खड्ड्याच्या अगदी तोंडाशी. पहिला धूर तुमच्याच बाळाला.
खोटं कशाला लिहू, बाईंना भररस्त्यात सोडून पळालो.
तडक घरी निघालो होतो. पण वाटेत विचार केला. सायराला सांगितलं तर ती जायची थांबेल. थांबली तर बायका विचारतील का. कळलं तर बोंब होईल, आणि बोंब झाली तर साहेब यायचे नाहीत. साहेब आले नाहीत तर फीत कापली जाणार नाही, यंत्र चालू होणार नाही, आणि धूर कधीच थांबणार नाही. म्हणजे धूर थांबवण्यासाठीच गप्प राहणं भाग आहे. नीट विचार केला की सगळं सुटतं.
तीन दिवसांनी काय मोठं बिघडतंय? सायराला एवढंच म्हणालो, बाहेर गार आहे, पोराला नेऊ नकोस. ती म्हणाली, धुरापाशी छान ऊब असते.

२६ एप्रिल
जुमाशला बजावलं होतं, आज पेटवू नकोस. साहेब आले. मेंढ्याचं डोकं त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांनी कान कापून मुलांना दिले, सगळं रीतसर. मग आम्ही फितीकडे निघालो, तर भिंतीपाशी ही गर्दी. रायकान बाईंनी जुमाशला फैलावर घेऊन खड्डा पेटवायला लावला होता. म्हणे, एवढा मोठा पाहुणा, त्याला धुराशिवाय कसं पाठवायचं? साहेब खूश. टोपी काढून त्यांनी डोकंही पुढे केलं.
सर्वांत पुढे सायरा. नवा रुमाल बांधून. तिच्या हातात बेक्तेमिर. त्याने मला बघून हात पुढे केले, ‘आता’ म्हणायला गेला आणि खोकला लागला, तो थांबेचना. ओठ निळे.
मला ओरडायचं होतं. साहेब शेजारी उभे होते.
कानिशाय कुठून आली कळलं नाही. पोराला सायराच्या हातातून हिसकावलं आणि वॉर्डाकडे पळत सुटली. पळता पळता ओरडली, सुया आहेत त्यात, सुया, रक्त आणि पारा, लाज वाटत असेल तर विझवा! साहेबांनी घाईघाईने टोपी घातली, कपाळ पुसलं आणि मला विचारलं, हे खरं आहे का? मी म्हणालो, साहेब, प्रमाण तपासावं लागेल.
गाडीत बसून गेले. मेंढ्याच्या मटणाचा बेश्बर्माक ताटात तसाच राहिला.

२७ एप्रिल
बेक्तेमिरच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण छाती नाजूक झालीय, वर्षभर जपावं लागेल. नळी हातात धरून झोपलाय. माझ्याकडे बघून हसला नाही. औषधामुळे असेल.
कानिशायने रात्रीच कुलूप तोडलं. यंत्र चालू आहे. फीत दाराच्या कडीला तशीच बांधलेली, तिच्याखालून वाकून नर्सा ये-जा करतात. लेखी खुलासा मागवणार होतो, पण तूर्त नको.
सायराने काल रात्री एकच विचारलं, काय होतं त्यात? सांगितलं. सगळंच सांगितलं, २३ तारखेचंही. वाटलं, रडेल, भांडेल, मग संपेल. ती पोराच्या उशाशी बसून राहिली, मला बसायला सरकली नाही.
आज दुपारी तिने मॉस्कोला सुनेला फोन लावला. पोर दवाखान्यात आहे एवढंच सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, बाकीचं तुम्ही सांगा, अहो, साहेब आहात तुम्ही.
पलीकडून सून म्हणाली, बाबा, काय झालं माझ्या बाळाला? कशाने झालं?
मी म्हणालो, बेटा, इथे रेंज नाही, आवाज तुटतोय.
ती म्हणाली, मला तर अगदी स्वच्छ ऐकू येतंय, बाबा. बोला.