रोलरवाली मढच्या वळणावर

नाना,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि अजूनही मी कागदावर रेघ मारली की तुम्ही मागे उभं राहून खाकरता. आता पुरे करा. मी शेहेचाळीस वर्षांची बाई आहे. घोडेगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात बसून दाखले लिहिते, शिक्के मारते. माझी मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते. एवढ्या वयाच्या बाईला चित्र काढताना बापाची धास्ती वाटू नये. वाटते. म्हणून आज रविवारी सकाळी, शिनोलीच्या घरात, निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून हे लिहायला बसले आहे. वाचायला तुम्ही नाही, हे मला कळतं. पण तुम्ही होता तेव्हाही माझं ऐकायला कुठे बसत होता?

पिंपळवंडीची तुमची रस्त्यालगतची खोली मला अजून वासाने आठवते. टर्पेंटाइन, ऑइल पेंट आणि तुमची बिडी. भिंतीला टेकवून ठेवलेले पत्रे, कुठे गिरणीचा बोर्ड, कुठे दूध डेअरीचा, मध्येच एखाद्या ट्रॅक्टर ट्रॉलीची मागची फळी. नारायणगावातून तमाशाचे फड बाहेर पडायच्या हंगामात मोठे कापडी पडदे यायचे, तेव्हा तुम्ही जेवायलाही घरात येत नसायचा. पंचक्रोशीत तुम्हाला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळ्यांसाठी तुम्ही 'पेंटर'. मी शाळेतून आले आहे, दारातच रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून बघते आहे, आणि तुमचा ब्रश अक्षराच्या वरच्या रेघेवरून एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आहे. मध्ये कुठे थांबत नाही, थरथरत नाही. हे कौतुक तुम्ही असताना कधी तोंडातून निघालं नाही, आणि आज भांडायला बसले तर पहिल्यांदा तेच आलं. याचाही मला वैतागच येतो.

मी आठवीत होते. शेजारच्यांच्या टीव्हीवर एक मालिका लागायची, तिच्यातल्या राजकन्येने मला वेड लावलं होतं. दोनशे पानी वहीत मी फक्त तीच काढायची. घोड्यावर बसलेली, घोड्यावरून उतरलेली, रुसलेली, झोपलेली. वर्गातल्या मुली मागायला लागल्या. एकीने कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. एकीला ती आपल्या मळ्यातल्या विहिरीवर पाणी शेंदताना हवी होती, तर मी राजकन्येला डोक्यावर पदर देऊन विहिरीवर उभी केली. ती मुलगी इतकी खूश झाली की तिने मला आठवडाभर रोज शेंगदाण्याची चिक्की आणून दिली. आज माझी लेक ज्याला फॅन आर्ट म्हणते, ते मी तेव्हाच करत होते. वाटायला फोन नव्हता, एवढंच.

मग एका दुपारी टेम्पोची नंबरप्लेट रंगवून घ्यायला एक माणूस आला. वही तिथेच पडलेली. त्याने चाळली आणि म्हणाला, "पेंटर, पोरगी तर तुमच्या वरचढ निघाली राव!" मी दारात उभी होते. तुम्ही ब्रश डब्यावर आडवा ठेवलात, दोन पानं पाहिलीत. "नक्कल हाय ही," तुम्ही म्हणालात. "टीव्हीत दिसलं ते कागदावर उतरलं. यात हिचं काय हाय?" आणि मग माझ्याकडे वळून, "दुसऱ्याच्या बाईला किती दिस नटवशील गं? सोताचं कायतरी काढ की." टेम्पोवाला हसला. त्याला काय, तो प्लेट घेऊन निघून गेला. पुढच्याच आठवड्यात तुमच्या खोलीत जमिनीवर मला माझ्या वहीची पानं दिसली. ब्रश पुसून टाकलेली. राजकन्येच्या तोंडावर हिरवा ऑइल पेंट. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही. मी पेन्सिल ठेवून दिली ती ठेवूनच दिली.

आणि नाना, तुम्ही स्वतः काय काढत होता हो? गणपती कॅलेंडरवरून. पडद्यावरची नाचणारी बाई पेपरच्या कात्रणावरून. पोल्ट्रीच्या बोर्डावरचा कोंबडा खाद्याच्या पोत्यावरून, चौकोन आखून, मोजून मापून उतरवलेला. अख्ख्या जुन्नर तालुक्यात तुमच्याएवढी नक्कल कोणी केली नसेल! हे मला आठवीत सुचायला हवं होतं. सुचलं चाळीशी ओलांडल्यावर, भांडी घासताना, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नव्हता. तुमचं नेहमीचंच.

मधली तीस वर्षं सांगण्यासारखं काही नाही. शाळेत गॅदरिंग आलं की सगळे म्हणायचे, मॅडमचा हात सरळ आहे, फळा त्यांच्याकडून लिहून घ्या. मी म्हणायची, मला जमत नाही. रांगोळीला बोलावलं की माझी कंबर दुखायची.

गेल्या वर्षी शाळेच्या पायरीवरून घसरले आणि दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. घरात बसून भिंतीवरच्या पाली मोजत होते, तेव्हा लेकीने फोनवर एक चित्रकथा पाठवली. दर रविवारी तिचा एक भाग येतो. त्यात एक पन्नाशीची बाई आहे, रस्त्यावरचा रोलर चालवते. तिच्या शेजारी एक शेळी बसलेली असते. रोलर चालतो गोगलगायीच्या वेगाने, त्यामुळे बाई कुठेही वेळेवर पोचत नाही, पण जाता जाता वाटेतल्या गावांची भांडणं मिटवते. काढणाऱ्याचं खाली नुसतं टोपणनाव, तो कोण, कुठला, काही माहीत नव्हतं. मी सगळे भाग दोन दिवसांत वाचले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलेल्या खराब फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर, बॉलपेनने, मी त्या बाईला आमच्या शिनोलीच्या रस्त्यावर आणून उभी केली. रोलरच्या मागे भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि सगळे हॉर्न वाजवताहेत. काढून झालं तेव्हा कळलं, तासभर पाय दुखत नव्हता.

सुट्टीला आलेल्या लेकीने त्याचा फोटो काढून नेटवर टाकला. मला न विचारता! मी तिच्यावर खेकसले, "ती बाई माझी नाही, दुसऱ्याची आहे. लोक चोर म्हणतील."

"चोरी नाय गं आई. मूळ कोणाचं ते खाली लिहिलंय मी. आवडतं म्हणून काढतात लोक. हे बघ, किती जणांना आवडलंय."

मी बघितलं. नको म्हणता म्हणता दहादा बघितलं. आणि मग, नाना, मला जे काही झालं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. पहाटे पाचला आपोआप जाग. रोलरवाली नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटांमध्ये अडकलेली. रोलरवाली जुन्नरच्या बाजारात बांगड्या बघत उभी आहे, आणि कासाराच्या टोपलीत शेळीने तोंड घातलंय. ऑफिसात दाखला लिहिताना डोळ्यांसमोर पुढचं चित्र, दोनदा मुलांच्या जन्मतारखा चुकवल्या. डाळ करपली. आमचे हे चहाची वाट बघून बघून म्हणाले, "तुमचा रोलर घाटाच्या बाहेर निघू द्या, मग घोटभर मिळंल का आमाला?" घाटाच्या तोंडावरच्या मढच्या वळणाचं चित्र टाकलं तेव्हा कोणीतरी लिहिलं, "ह्ये तर आमचं मढ! टपरी बी तीच. दोन वर्सं झाली गावाला जाऊन, लई बरं वाटलं." ते वाचून मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

पण लोक म्हणजे डोक्याला ताप. एक जण रोज नुसतं फूल पाठवतो. एक बाई म्हणते, माझ्या नातवाचं काढून द्या, फोटो पाठवते, लगेच हवंय. ज्याला सरळ रेघ येत नसावी असा एक जण मला रोलरची चाकं शिकवतो. आणि मग एका दुपारी, नाव ना गाव, एकाने लिहिलं, "काकू, छान काढता, पण दुसऱ्याचं कॅरेक्टर किती दिवस? स्वतःचं काहीतरी काढा."

मी फोन पिठाच्या डब्यावर आपटला. तुमचंच वाक्य! तेहतीस वर्षांनी, कुठल्या पोराच्या तोंडून, तेच्या तेच. आठ दिवस कागदाला हात लावला नाही. ह्यांच्यावर ओरडले, शिपाईमामांवर ओरडले, दाखला मागायला आलेल्या एका सभ्य गृहस्थांवर ओरडले. हे शेवटी म्हणाले, "ज्यानं लिवलंय त्याला बोल की. आमी काय केलंय?" त्यांना काय सांगू, मी त्या पोरावर नाही, तुमच्यावर ओरडत होते.

नवव्या दिवशी एसटीने पिंपळवंडीला गेले. आई ओसरीवर लसूण सोलत होती. बसल्या बसल्या विचारलं, "आई, नानांनी माझी वही का फाडली गं?"

"कंची वही?"

मी सांगितलं. राजकन्येची, आठवीतली, ब्रश पुसलेली.

"ती व्हय!" आई म्हणाली. "ती मीच दिली त्येनला. फडकं न्हवतं घरात. मला वाटलं जुनी रद्दी हाय."

"तू दिलीस?"

"मंग? मला काय ठावं तुजी हाय. चार पानं पुसल्यावर त्येंच्या ध्यानात आलं, तर लई चिडले माज्यावर. पोरीचं हाय ते म्हणाले. मी म्हणलं, मंग सांगा तिला, आईनं दिली म्हणून. तर म्हणले, ऱ्हाऊ दे. तुज्यावर राग धरंल ती, त्यापरीस माज्यावर धरू दे." मग सालं झटकत तिने विचारलं, "च्या टाकू का?"

आता मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? तीस वर्षं एक राग नीट घडी घालून ठेवला होता. तो कोणाचा, कशाचा, सगळं पाठ होतं. आईवर धरू म्हटलं तर ती ऐंशीची, तिला आठवतही नाही की त्यात रागावण्यासारखं काही आहे. तुमच्यावर धरावा तर तुम्ही आधीच तो मागून घेऊन बसलेले. एका शब्दाने बोलला असतात तर? "पोरी, चुकून झालं," एवढंच. पण नाही. तुम्हाला मोठेपणा करायचा होता, आणि त्याच्यापायी माझी पेन्सिल गेली. आणि हेही सांगते, वही तुम्ही जाणूनबुजून फाडली नसेल, वाक्य तुमचंच होतं. टेम्पोवाल्यासमोरचं. ते आईने दिलं नव्हतं तुम्हाला. ते माफ केलेलं नाही.

परत येताना एसटीत मांडीवर वही घेतली आणि मढचं वळण पुन्हा काढलं, या वेळी नीट. दरीतून वर येणारं धुकं, रस्त्याकडेची मक्याची कणसं भाजणारी बाई, शेळीचे ताणलेले कान. गाडीच्या धक्क्यांनी रेघा हलल्या, हलू दिल्या. दुसऱ्या दिवशी शाईने पक्कं करून स्वतःच्या हाताने नेटवर टाकलं, खाली मूळ कोणाचं तेही लिहिलं, आणि त्या पोराला उत्तर दिलं, "बाई त्यांची, रस्ता आमचा."

चार दिवसांनी चित्रकथेच्या मूळ चित्रकाराचा निरोप आला. विदर्भातला पोरगा निघाला, माझ्या लेकीपेक्षा थोडाच मोठा. लिहिलं होतं, "मॅडम, मी तुमच्याकडचा घाट कधी पाहिलेला नाही. तुमचं चित्र बघून पुढच्या भागात रोलर तिकडे न्यावासा वाटतोय. ते वळण तुमच्यासारखं काढलं तर चालेल का?" मी त्याला हो म्हटलं. तो भाग आला. धुकं माझं होतं, मक्याची बाई माझी होती, आणि खाली बारीक अक्षरात आभार होते. आता सांगा, पेंटर, यातली नक्कल कोणती आणि कोणाची? आठवीतल्या मुलीला एका फटक्यात सांगितलंत, तसं सांगा की. मला तर ठरवता येत नाही, आणि खरं म्हणजे ठरवायला सवडही नाही. रोलरवालीला अजून ओतूरला जायचंय, शिवनेरीच्या पायथ्याला शेळी हरवायची आहे, आणि परवापासून वहीच्या मागच्या पानांवर एक दुसरीच बाई यायला लागली आहे, जी कोणाचीच नाही. ती काय करते ते मला अजून कळलेलं नाही. तिच्याबद्दल तुम्ही काही बोलायचं नाही.

मगाशी लेकीचा फोन आला होता. काय करतेस विचारलं, तर सांगितलं. म्हणाली, फोटो काढून टाक ना गं, लोकांना आवडेल. म्हटलं, खबरदार! हे कुठे टाकायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. घडी घालून शाळेच्या जुन्या फायलीत ठेवून देणार आहे, जिथे कोणी शोधणार नाही.

एक सांगते आणि मेथी निवडायला उठते. मला बोटं काढता येत नाहीत. कधीच आली नाहीत. म्हणून माझ्या प्रत्येक चित्रात त्या बाईचा एक हात शेळीच्या मागे असतो आणि दुसरा पदराखाली. इतके लोक बघतात, पण रोलर चालतो कसा हे अजून एकाच्याही लक्षात आलेलं नाही. तुम्ही पहिल्या नजरेत पकडलं असतं, आणि चारचौघांत बोलूनही दाखवलं असतं. बोललात तरी चाललं असतं, नाना. पण मग बोटं कशी काढायची, तेही दाखवलं असतंत.