बकरीनं खाल्लेलं जंगल

माननीय मरकाम साहेब,

हे पत्र मराठीत लिहून राहिली, कारण तुम्हाले मराठी येत नाही आणि मले ते पाठवायचं नाही.

नव्या राज्याच्या पहिल्या शालेय प्रदर्शनात आमच्या मैकल पर्वताच्या मॉडेलले तुम्ही बक्षीस दिलं. लगद्याचे डोंगर, शेवग्याच्या डहाळ्यांचं जंगल, तेंदूपत्ता, मोहाची फुलं, बॉक्साइटचा लाल दगड. दगडाभोवतीची उघडी जमीन पाहून तुम्ही म्हणालात, "मॅडम, खदान जंगल कैसे खाती है, सच दिखाया आपने."

साहेब, ते जंगल आमच्या चपराशाच्या बकरीनं खाल्लं. त्याच सकाळी, मॉडेल टेम्पोत चढवायच्या आधी, मी चहा पिऊन येईपर्यंत!

मी सांगणारच होती. पण तुम्ही त्या उघड्या जागेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणालात, "इहां मोर गांव रिहिस." खदानीच्या जागी तुमचं गाव होतं. मग मी बकरीचं नाव न काढता बक्षीस घेतलं.

काल पोट्ट्यांनी तिथं पुन्हा डहाळ्या रोवल्या आणि मधोमध खडूची तीन घरं मांडली. कधी शाळेत आलात तर तुमचं गाव जागेवर आहे. बकरी मी रोज स्वतः गेटाबाहेर बांधते.

बक्षीस परत न करणारी,
कुसुम बोधनकर
भूगोलाच्या बाई, रायपूर