तीनशे दहा लिटर

सोमवार, ४ मार्च

नाही म्हणजे नाही!

साहेबांनी आज सात कँटीनची छापील यादी आणून माझ्या टेबलावर ठेवली. फोन नंबरांसकट! "मॅडम, एवढी सात बघून या. शुक्रवारी सर्टिफिकेट देऊन टाकू." यादी अर्थातच कारखान्याकडून आलेली. म्हणजे परीक्षा ज्याची, प्रश्नपत्रिकाही त्यानेच काढायची. मी कागद उलटा करून परत दिला.

इथे एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे शुक्रवारपर्यंत पाय डगमगणार नाहीत. हा बायोडिझेलचा कारखाना म्हणतो, आमचं इंधन तळून उरलेल्या तेलाचं. तसं असेल तर सोन्याहून पिवळं. उरलेल्या तेलासाठी कुणी जंगल तोडत नाही. पण त्यात गुपचूप ताजं तेल ओतलं, तर त्या तेलासाठी नक्की तोडतात. आमचं सर्टिफिकेट म्हणजे एवढीच शपथ की हे तेल खरंच कढईतून आलंय. एकोणपन्नास कँटीन तेल देतात. त्याचं वर्गमूळ सात, म्हणून तपासायची सात. कुठली, ते चिठ्ठ्या ठरवणार. नियम तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलाय, आणि मीच तो मोडू?

डबा धुऊन पुसला, चिठ्ठ्या टाकल्या, सात काढल्या. साहेब म्हणाले, "लॉटरी काढताय का?" म्हटलं, "हो. बघू या कुणाला लागते."

चिठ्ठ्यांवर नुसते क्रमांक आहेत. नावांची वही साहेबांच्या कपाटात. रोज सकाळी दोनच उघडायच्या, नाव विचारायचं आणि लगेच निघायचं. कुणाला आवराआवर करायला सवड नको.

मंगळवार, ५ मार्च

दोन कँटीन झाली. दोन्हीकडे कागदावर महिन्याला तीनशे दहा लिटर. पहिल्या ठिकाणच्या आचाऱ्याने आकडा ऐकला आणि झाऱ्या खाली ठेवून हसत सुटला. "बाई, आम्ही काय हत्ती तळतो का इथं?" त्याच्याकडे वीस लिटर निघतं. तेही चांगल्या महिन्यात!

मग सही कशी केली? तर म्हणे, तेल न्यायला कारखान्याचा ड्रमवाला येतो, कागद दुमडून धरतो, फक्त खालची ओळ दिसते. "पोळ्या करपतात हो, वाचत कोण बसणार?"

दुसरीकडेही तेच. नुसत्या क्रमांकांची यादी काढून बघितली, तर एकोणपन्नासच्या एकोणपन्नास ठिकाणी तीनशे दहा! या लोकांना खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. हा आकडा कुठेतरी पाहिलाय मात्र. आठवत नाही.

मूळ फॉर्म लेखी मागितले. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत.

बुधवार, ६ मार्च

चिठ्ठी तेवीस.

साहेबांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि थांबले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे तर तुमच्या वडिलांचं कँटीन."

एकतीस वर्षं चालवलं बाबांनी ते. गुडघ्यांनी दगा दिला आणि तीन वर्षांपूर्वी बंद केलं. तिथे आता चपला शिवणारा बसतो. आणि कागदावर अजून दर महिन्याला तेल निघतंय! बाबांच्या सहीने!!

साहेब म्हणाले, "तुमचाच नियम आहे ना मॅडम? नातेवाईक निघाला तर चिठ्ठी परत डब्यात. टाका आणि दुसरी काढा." खरंय. माझंच कलम. आपला तो बाब्या होऊ नये म्हणून लिहिलेलं, आणि आज तेच मला दडायला जागा देत होतं. एक क्षण हात डब्याकडे गेला. खोटं का लिहू?

पण चिठ्ठी पर्समध्ये टाकली. म्हटलं, "पडली ती पडली. मी नाही तपासणार, दुसरा तपासनीस बोलवा. पण ही डब्यात परत जाणार नाही."

घरी येऊन बाबांना सरळ विचारलं. ते वाटाणे सोलत होते. हात थांबले नाहीत.

"केल्या सह्या."

"तेल नसताना?"

"ड्रमवाला यायचा. म्हातारपण आहे, वाचलं नाही."

बाबांनी वाचलं नाही! जो माणूस लाइटचं बिल पुढून मागून वाचतो आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावतो, तो! मी म्हटलं, अहवालात तुमचं नाव येईल. इतकी वर्षं लोक तुम्हाला सचोटीचा माणूस म्हणतात, त्या नावाचं काय? तर म्हणाले, "घाल. पण माझं एकट्याचं घाल. दुसऱ्या कुणाचं नको."

कसली ही मिजास? बाकीचे अठ्ठेचाळीस काय जावई आहेत यांचे?

गुरुवार, ७ मार्च

बाबा बोलत नाहीत. मीही नाही. आई मधल्या मधे. "तिला म्हणावं वरण वाढून घे." "त्यांना म्हणावं घेतलंय."

शुक्रवार, ८ मार्च

बाबांचं सोडून बाकी सहा कँटीन झाली. सहाही खोटी. कारखान्याच्या मागच्या फाटकाशी टँकर उभा होता, नळाखाली बाटली धरली. तेल इतकं स्वच्छ की पलीकडचा पहारेकरी दिसला! या तेलाने कढईचं तोंडही पाहिलेलं नाही.

साहेब म्हणाले, "सही करा, नाहीतर सोमवारपासून दुसरं कुणीतरी या खुर्चीत बसेल." म्हटलं, बसू दे की. खुर्ची तुमची, सही माझी. ती कपाटात ठेवता येत नाही.

अहवाल लिहायला घेतला. बाबांचं नाव सगळ्यात वर.

शनिवार, ९ मार्च

मूळ फॉर्म आले. गठ्ठाभर.

एकाच कागदाच्या झेरॉक्स. नावाच्या जागी वेगळं नाव चिकटवलेलं, तारीख बदललेली, खाली ज्याची त्याची सही, बाकी सगळं तेच. "तीनशे दहा लिटर" हे हाताने लिहिलेलं.

अक्षर माझं आहे.

आता आठवलं. नियम तयार होत होते तेव्हा फॉर्म कसा भरायचा हे दाखवायला एक नमुना हवा होता. मी जेवणाच्या टेबलावर बसून भरला. कँटीनचं नाव बाबांचं टाकलं. आकडा? एकतीस वर्षांवर एक शून्य लावलं, गंमत म्हणून! बाबांची सही घेतली आणि नियमांसोबत तो सगळीकडे पाठवला. वर "नमुना" हा शब्द लिहायचा राहिला. ड्रमवाल्याला आयता कागद मिळाला. कुंपण मी घातलं आणि फाटकही मीच उघडं ठेवलं.

अहवालाचं पहिलं पान फाडलं. नवीन लिहिलं. सगळ्यात वर आता माझं नाव, नमुन्याच्या फॉर्मसकट. साहेबांना आनंद होईल. होऊ दे. त्यांचं नाव तिसरं आहे.

रविवार, १० मार्च

फॉर्म बाबांसमोर ठेवला. म्हटलं, हे माझं अक्षर आहे.

म्हणाले, "ठाऊक आहे. पहिल्याच महिन्यात ओळखलं."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं."

छत्तीस महिने बाबांना वाटत होतं की आपली मुलगी चोर आहे. आणि छत्तीस वेळा त्यांनी खाली सही केली.