पूल संपेपर्यंत

६ जानेवारी, सोमवार

आज पुलावर गाडी बंद पडली. गाडी नाही, मीच बंद पडले. इथे तरी खरं लिहावं, कोण बघतंय!

घरापासून पुलापर्यंत तासभर मुंगीच्या पावलांनी. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. डावा पाय भरून आला. मग पूल लागला आणि सगळे एकदम सुटलेच. दोन्ही बाजूंना ट्रक, खाली पाणी, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. हातांना दरदरून घाम. गाडी मधोमध थांबवली आणि रडत बसले. मागचा ट्रकवाला उतरून आला. म्हटलं, आता शिव्या. तर म्हणाला, "ताई, माझ्या मागेमागे या. हळू चालवतो." आणि खरंच चालवला, बैलगाडी हाकावी तसा.

भिंगांचा कारखाना नदीपलीकडे हलवणाऱ्या आमच्या मालकांचं भलं होवो. आधी चालत जात होते मी. संध्याकाळचं एक बरं, येताना पूल इतका तुंबलेला असतो की घाबरायला वेगच नसतो.

७ जानेवारी

आज रिक्षाने गेले. रोज परवडणार नाही. घरी सांगून टाकलं. नवरा रात्रपाळीला निघता निघता म्हणाला, "मग लांबून जा ना, नदीला वळसा घालून, खालच्या रस्त्याने. तासभर जास्त लागेल, एवढंच." एवढंच!

सासूबाई भाजी निवडत होत्या. जुडी संपली, देठं गोळा केली, मग म्हणाल्या, "उद्यापासून मी येते पूल संपेपर्यंत. पलीकडे उतरेन, बसने परत येईन."

"तुम्हाला कुठे गाडी चालवता येते, आई?"

"गाडी नाही, तोंड चालवता येतं."

८ जानेवारी

खरंच आल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. तासभर माझ्या गाडीत वाहतूक पोलीस! "तो बघ शिरला." "दे हॉर्न, झोपलाय मेला." एका स्कूटरवाल्याला काच खाली करून विचारलं, "घरी आई आहे ना तुझी?" तो पोरगा इतका गडबडला की मागे सरकला.

पूल आला तशा माझ्याकडे वळून बसल्या आणि सुरू झाल्या. माझा नवरा पाच वर्षांचा असताना कोटाचं बटण गिळून बसला होता. मग सगळं घर कसं त्याच्या मागे भांडं घेऊन फिरत होतं. बटण मिळालं आणि पूल संपला! मला घाम आला, पण थांबले नाही.

१५ जानेवारी

ह्या बाई मला वेड लावणार. दीड तास अखंड. मला सकाळी बोलायला आवडत नाही, हे लग्नाआधीच लिहून द्यायला हवं होतं.

पुलावर तर श्वाससुद्धा घेत नाहीत. आज गोष्ट लवकर संपली, तर नात्यातली माणसं मोजायला लागल्या. आत्तेभाऊ, त्याचा मेहुणा, मेहुण्याची चुलत सासू. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय, जरा पुढे बघा." तर म्हणतात, "पुढे तू बघ. मला काय कळतंय त्यातलं?"

२२ जानेवारी

नवरा सांगत होता, दुपारी तो उठतो तेव्हा आई नुकतीच आलेली असते. असं कसं? पलीकडच्या थांब्यावरून सरळ बस आहे, अर्ध्या तासाची. विचारलं तर म्हणाल्या, "त्या बसला गर्दी फार. मी दुसरी घेते, सगळं शहर फिरून येणारी. खिडकी मिळते. मला कुठे कामावर जायचंय?"

हौसच आहे म्हणायची.

५ फेब्रुवारी

आज गंमत झाली. गोष्ट अशी की नवरा शाळेच्या नाटकात झाड झाला होता आणि उभ्याउभ्या झोपला. राजा बोलत असताना झाड घोरायला लागलं. आईंनी ते घोरणं करून दाखवलं. हुबेहूब त्याचं आताचंच! मी इतकी हसले की डोळे पुसावे लागले. पुसून बघते तर पूल मागे. ट्रक कधी आले, कधी गेले, पत्ताच नाही.

भीती गेली. बहुतेक कालपरवाच गेली असेल.

आईंना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मलाही कळलं नाही.

६ फेब्रुवारी

कळलं. मोठ्या जाऊबाईंचा फोन होता. त्यांच्या मुलीची परीक्षा आलीय, आईंना कधी पाठवताय? आई म्हणाल्या, "हिचा हात बसला, की येते."

माझा हात बसलाय. मी आज पुलावर मुद्दाम स्टिअरिंग घट्ट धरलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

१८ फेब्रुवारी

अजून नाटक चालू आहे. नवऱ्यापेक्षा बरी नटी आहे मी.

आता तो तासभराचा तुंबारा मला जड जात नाही. आई संत्रं सोलतात, एक फोड मला, एक त्यांना. बिया कागदात. त्यांना विचारून विचारून मी बरंच काही काढलं. त्यांना शिवणकामाचं दुकान काढायचं होतं, जागाही बघितली होती. मग सासरे गेले आणि राहिलंच. घरात हे कधी बोलल्या नाहीत. घरात त्या भाजी निवडतात आणि मी दमलेली असते. माझी आई मी लहान असताना गेली, तिच्याबरोबर असं एका जागी बसून बोलल्याचं मला आठवतच नाही. आईंनी जाऊ नये, एवढंच वाटतं. वाटतं ते वाटतं.

५ मार्च

आज आई उतरताना दार धरून उभ्या राहिल्या. गुडघा. "काही नाही गं, बसून बसून आखडला." मी कामाला उशीर होतोय म्हणून निघाले. आरशात दिसल्या, थांब्यावरच्या बाकापर्यंत एकेक पाऊल टाकत चाललेल्या.

दिवसभर भिंगांवरचे ओरखडे शोधत होते. तीन खराब भिंगं चांगल्यात घातली. साहेबांनी परत आणून दिली.

माझ्या करमणुकीसाठी म्हाताऱ्या बाईला शहरभर बसमधून हिंडवतेय मी.

७ मार्च

सांगून टाकलं. पुलावर नाही, अलीकडच्या सिग्नलला, गाडी थांबलेली असताना. "आई, मला महिन्यापूर्वीच भीती वाटायची थांबली."

त्या संत्रं सोलत होत्या. "माहीत आहे. पुलावर गुणगुणायला लागली होतीस."

"मग येत का राहिलात?"

"तू सुस्कारे सोडून बोलवत होतीस ना."

मागून हॉर्न सुरू झाले. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

रविवारी आईंनी मोठ्या दिरांकडे, नदीपलीकडे जायचं ठरलं. मीच सोडणार.

९ मार्च, रविवार

सकाळी निघता निघता जाऊबाईंचा फोन. "आईंना पुलावरून आणू नकोस हं. खालच्या रस्त्याने ये. त्यांना पुलाची फार भीती, अगदी लहानपणापासून. दरदरून घाम फुटतो. आम्ही कायम वळसा घालूनच आणतो. धाकट्याला माहीत नाही. कुणाला सांगू देत नाहीत त्या."

सगळं शहर फिरून येणारी आईंची ती बस पुलावरून जात नाही, हे आत्ता लक्षात आलं.

आई गाडीत बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. पुलाचा फाटा आला, मी गाडी खालच्या रस्त्याला घेतली.

"अगं, इकडून कुठे? पुलावरून घे, लवकर पोचू."

"आज मला भीती वाटतेय, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरची पिशवी उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.