तूप चालू, डाळ बंद

वस्ताद, तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली आणि माझा राग अजून तसाच आहे. काल जेवताना तो पुन्हा वर आला. माझी धाकटी कुस्ती खेळते. होय, पोरगी, तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता. बारामतीत स्पर्धा आहे आणि तिला तीन किलो उतरायचंय. ताटात वाटीभर मूग, दोन अंडी, दही, अर्धी भाकरी आणि तिच्यावर तूप नुसतं बोट लावल्यासारखं. मी म्हणालो, "वजन उतरवायचंय तर एवढं कशाला खातीस?" ती म्हणाली, "आप्पा, चरबी उतरवायची, मांस नाही. म्हणून तेलतूप कमी करायचं आणि डाळ-अंडी तशीच ठेवायची. तूप पण अगदीच तोडायचं नाही. एवढं साधं आहे." एवढं साधं. माझा घास तोंडातच फिरायला लागला.

कारण तुम्ही नेमकं उलटं केलंत. नव्वद सालानंतरची ती वर्षं, इंदापूरची तालीम, आणि मी काटेवाडीचं घर सोडून तिथंच राहायला आलेला. निवड चाचणी तोंडावर आलीय. खालच्या वजनगटात बसून जिंकलो तर एका साखर कारखान्यात मानधनावर पैलवान म्हणून घेणार आहेत, आणि माझ्या बापानं ते गावभर सांगून ठेवलंय. तुम्ही माझा दंड दाबून बघता आणि सगळ्यांदेखत हुकूम सोडता, "आजपास्नं ह्याची डाळ बंद, अंडी बंद, मटणाचं तर नावच नगं. त्यानं मांस वाढतंय, आन् मांस म्हंजी वजन. तूप तेवढं चालू ठेवा. तूप वंगण हाय, तूप तोडलं की पैलवान गेला." वस्ताद बोलले म्हणजे बोलले. मग सकाळी घाम काढायला घोंगडं पांघरून कालव्याच्या भरावावरून पळायचं आणि दुपारी अर्धी भाकरी कोमट तुपात चुरून गिळायची.

थोड्याच दिवसांत माझ्या मांड्या लटपटायला लागल्या. बैठका मारताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. एका संध्याकाळी एसटी स्टँडसमोरच्या गाडीवर उकडलेलं अंडं सोलत होतो, तर मागून तुमचा हात कानाखाली बसला. अंडं धुळीत गेलं. "जिभेचा गुलाम तू, कुस्ती काय मारनार?" म्हणालात. जीभ नव्हती ओ वस्ताद, अंग मागत होतं. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच घरून तुपाचा डबा घेऊन आलात, फडक्यात बांधून. तुमच्या घरची मेंढरं केव्हाच विकली गेली होती, दारात एकच म्हैस होती, आणि तुमची पोरं चटणीशी कोरडी भाकरी खायची हे साऱ्या तालमीला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त चीड येते. तुम्ही लबाड असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

काट्यावर वजन बरोबर उतरलं. तुम्ही छाती फुगवून म्हणालात, "बघा, म्हनलं न्हवतं?" कुस्ती लागली ती सोमेश्वरनगरकडच्या पोराशी. त्याला मी आधी जत्रांतून अस्मान दाखवलं होतं. पहिला पट मीच काढला. पुन्हा त्याच्या पायाला गेलो तेव्हा दंडात काही उरलंच नव्हतं. हात माझेच होते, पण पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखे. त्यानं मला उचलला आणि चीत केला. माझा बाप पुढच्याच रांगेत बसला होता. त्याच्या तोंडावर तुम्ही म्हणालात, "अंगात काय कमी न्हवतं ह्याच्या. काळीजच न्हाय, त्याला कोन काय करनार?"

ह्या एका वाक्याचा राग आहे माझा. कुस्ती सुटली, नोकरी हुकली, पुढं उसाच्या ट्रॅक्टरवर जन्म काढला, त्याचं काही नाही, चार घास मिळाले. पण माझा बाप मरेपर्यंत ते खरं धरून चालला. गावात कुणी कुस्तीचं काढलं की तो विषय बदलायचा. आणि तुम्हीही तेच मनात धरून गेलात. काळीज होतं हो वस्ताद. डाळ नव्हती.

हे सगळं काल मी पोरीला सांगितलं, पहिल्यांदाच. तिनं ऐकलं आणि दह्याची वाटी पुसत म्हणाली, "अडाणीच होता की तुमचा वस्ताद." मी ताट सारून उठलो. "अहो, आत्ता तुम्हीच तर सांगत होता," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी म्हणीन. तू म्हणायचं नाहीस." तेव्हापासून घरात अबोला आहे आणि बायको म्हणते चूक माझीच.

हा कागद तालमीत नेऊन तुमच्या फोटोपुढं ठेवायचा, असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. नाही नेणार. तिथं आता शिकलेली पोरं असतात, खुराकाचं सगळं त्यांना पाठ आहे. वाचतील आणि तुम्हाला हसतील. ते मला सोसायचं नाही.